दुकानदारांची रविवारची शाळा

२ जुलै २०१७, रविवार

आज वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी मला शाळेत बसवलं. सरकारचा हुकूम आहे. शेतीची पदवी नसताना ज्याला बी-बियाणं, खत आणि औषध विकायचं असेल त्यानं वर्षभर दर रविवारी बुलडाण्याला वर्गात बसायचं. नाहीतर परवान्याचं नूतनीकरण नाही. म्हणजे धामणगाव बढ्यात तीस वर्षं गादीवर बसून मी जे केलं ते बेकायदा नसलं तरी अडाणी होतं, असं सरकारचं म्हणणं.

सकाळची एसटी धरली. मोताळा, मग राजूरचा घाट, मग बुलडाणा. वर्गात अडतीस दुकानदार. बाकं आठवीच्या पोरांची. गुडघे आत जात नाहीत, पोट आत राहत नाही. उद्घाटनाला एक पाहुणे आले होते. "आजीवन शिक्षण हा आधुनिक अर्थव्यवस्थेचा कणा आहे," असं ते कागदावरून वाचत होते. मध्ये एक पान त्यांनी दोनदा वाचलं. त्यांनाही कळलं नाही आणि ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांनाही नाही.

शिकवायला हिमानी नावाची मुलगी आहे. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून शिकलेली, वय सत्तावीस. ती जन्मली तेव्हा माझं दुकान तीन वर्षांचं होतं. तिनं प्रत्येकाला एक वही दिली आणि दर वेळी "आज मी काय शिकलो" ते लिहा म्हणाली. त्या वहीत मी लिहिलं, 'आज बियाण्याचे प्रकार शिकलो.' खरं काय ते इथं लिहीत जाईन. बियाण्याच्या कंपनीची ही फुकटची डायरी दर वर्षी कोरीच रद्दीत जाते.

९ जुलै, रविवार

वर्गात एक नमुना सापडला. कय्यूमभाई, धाड गावचे, खत-बियाण्याचं दुकान, वय एकसष्ट. पहिल्या बाकावर बसतात. खिशात दोन पेनं, मथळ्याला लाल आणि मजकुराला निळं. आज जमिनीचा सामू, म्हणजे पीएच, चालला होता. मध्येच हात वर करून म्हणाले, "मॅडम, मले हे समजलं नाई. पुन्हा सांगा."

अडतीस माणसांसमोर. या वयात.

मी तीस वर्षांत गादीवरून एकदाही "मला माहीत नाही" म्हटलेलं नाही. दुकानदार असं म्हणाला की गिऱ्हाईक चपला घालून समोरच्या दुकानात. हा धंद्याचा पहिला धडा आहे आणि तो त्या पोरीच्या पुस्तकात नाही. चहाच्या सुट्टीत कय्यूमभाईंना तसं सांगितलं. ते हसले. म्हणाले, "उद्धवभाऊ, मी तं रोजच म्हनतो. गिऱ्हाईक थांबते. उद्या पाहून सांगतो म्हनलं का उद्या येते बी."

असलं गिऱ्हाईक धाडलाच मिळत असेल.

१६ जुलै, रविवार

आजचा विषय बीटी कापसाच्या पाकिटाबरोबर येणारं छोटं पाकीट. साध्या कपाशीचं. ते शेताच्या कडेनं पाच ओळी लावायचं, म्हणजे अळीला बीटी नसलेलं झाड खायला मिळतं, आणि बीटीला दाद न देणाऱ्या अळ्यांचीच पैदास होत नाही, असं मॅडमनं फळ्यावर काढून दाखवलं.

अळीला पोसायचं म्हणे. मी हे पाकीट गिऱ्हाइकाच्या हातात देताना कायम सांगत आलो, की शेताच्या कडेला धुऱ्यावर फेकून दे, जागा अडवू नको. हजारांनी पाकिटं फेकायला लावली असतील. काय बिघडलं? बीटी आली तेव्हापासून बोंडअळी दिसली नाही. गेली दोन-तीन वर्षं गुलाबी अळी, गुलाबी अळी असा बोभाटा आहे, पण तो हवामानाचा फरक.

मॅडम म्हणाली, "अळी पंधरा वर्षांत बीटी पचवायला शिकली. आपण त्या पंधरा वर्षांत काय शिकलो?" कय्यूमभाईंनी वाक्य लाल पेनानं उतरवून घेतलं.

अळीला परवाना लागत नाही, बाई. तिला वेळ आहे.

२ ऑगस्ट, बुधवार

आल्हादचा पुण्याहून फोन. मुलगा संगणकाच्या कंपनीत आहे. त्याला माझ्या शाळेची फार गंमत वाटते. त्याचंही शिकणं चालूच आहे. दर सहा महिन्यांनी नवीन काहीतरी, परीक्षा, प्रमाणपत्र. म्हणतो, "बाबा, थांबलं की बाहेर. आमच्याकडे हे नॉर्मल आहे." मी म्हटलं, अरे मग पहिलं जे शिकलास ते कच्चं होतं का? सुतार एकदा रंधा मारायला शिकला की जन्मभर सुतार. त्यावर तो म्हणाला, "बाबा, तुमच्या गावात आता सुतार किती आहेत?"

विषय बदलला. हल्लीच्या पोरांना वाद घालता येत नाही, नुसते प्रश्न विचारतात.

बायको, शैलजा, दुपारची माझं वर्गाचं पुस्तक वाचत बसते. मागच्या प्रश्नांची उत्तरं पेन्सिलीनं लिहिते. वेळ जात नसेल बिचारीचा.

२० ऑगस्ट, रविवार

उद्या पोळा, पण वर्ग चुकला नाही. आज शेतात नेलं. मॅडमनं कपाशीचं एक फूल तोडून दाखवलं. पाकळ्या उमलण्याऐवजी पिळवटून एकमेकींना चिकटलेल्या. "ही डोमकळी," म्हणाली आणि नखानं फूल उलगडलं. आत बारीक अळी, शेपटाकडे गुलाबी होत चाललेली.

गेल्या दोन वर्षांपासून असं फूल घेऊन गिऱ्हाईक आलं की मी "उष्णतेनं होतं" म्हणून टॉनिकची बाटली द्यायचो. टॉनिकनं कुणाचं नुकसान तर झालं नाही.

हे त्या वहीत लिहिलं नाही. 'डोमकळी पाहिली' एवढंच लिहिलं. मॅडमनं त्यावर 'छान!' असा शेरा मारला. बालवाडी.

३ सप्टेंबर, रविवार

आज विषबाधा. बाटलीवरचा त्रिकोण लाल म्हणजे अतिविषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. हे मला ती जन्मायच्या आधीपासून माहीत आहे. पुढे, प्रत्येक बाटलीसोबत घडी घातलेला कागद येतो त्यावर विषाचा उतारा लिहिलेला असतो. एका औषधाला जो उतारा, तो दुसऱ्याला चालत नाही.

"रुग्णाबरोबर दवाखान्यात काय न्यायचं?" मॅडमनं विचारलं.

"बाटली," कय्यूमभाई.

"आणि ओरिजिनल बाटली नसेल तर? दुकानदारानं दोन-तीन औषधं एकत्र करून पाण्याच्या बाटलीत ओतून दिली असतील तर?"

"तो गुन्हा आहे, हे तुम्हाला माहीत आहेच," ती म्हणाली. त्यावर आम्ही अडतीसजण एकदम खाली बघून वहीत लिहू लागलो. इतका अभ्यासू वर्ग तिनं उभ्या जन्मात पाहिला नसेल.

पुस्तकं लिहिणाऱ्याला दुकान माहीत नसतं. पंधरा लिटरच्या पंपाला किती टाकायचं हे शेतमजूर कागद वाचून ठरवणार आहे का? म्हणून मी 'डोस' बनवून देतो. पाच कोसांत 'उद्धवशेठचा डोस' विचारत लोक येतात. एक अळीला, एक रसशोषक किडीला, एक वास आणि जोर यायला. एकदा मारला की शेत शांत.

१४ सप्टेंबर, गुरुवार

यंदा कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली आहे. फवारणीवाल्यांना उसंत नाही. आज इंद्रभान आला होता. फवारणीचं रोजानं काम करणारा, गावातला सगळ्यात उंच आणि सगळ्यात कमी डोक्याचा माणूस. गुत्तेदारासारखा चार शेतकऱ्यांची फवारणी घेतो. "शेठ, जोराचा द्या. साधीनं काई होऊन नाई राह्यलं."

जोराचा दिला. तिन्ही औषधं काढली, पाण्याच्या बाटलीत माप धरून ओतली, झाकण लावलं. "तोंडाला बांध काहीतरी," म्हटलं. तो म्हणाला, "बांधलं का दम लागते शेठ." मग मी तरी काय करणार? मूर्खाला अक्कल मापात ओतून देता येत नाही.

शैलजा तेव्हा चहा घेऊन आली होती. बाटल्यांकडे बघत उभी राहिली. "यातल्या दोन एकत्र करायच्या नाहीत असं पुस्तकात आहे," म्हणाली. गिऱ्हाइकासमोर. मी तिला आत पाठवलं.

१६ सप्टेंबर, शनिवार

हे नीट लिहितो.

सकाळी अकराच्या सुमाराला इंद्रभानची बायको कोकिळा दुकानात आली. तिला कुणीतरी बुलडाण्याहून मोटरसायकलवर आणलं होतं. इंद्रभान काल दुपारी शेतातच पडला. उलट्या, तोंडाला फेस, अंगाला घाम. गावातल्या डॉक्टरनं ऊन लागलं म्हणून सलाइन लावलं. संध्याकाळी जीपमध्ये टाकून बुलडाण्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. रिकामी बाटली तिच्या हातात होती. पाण्याची. वर पाण्याच्या कंपनीचं नाव.

"भाऊ, डॉक्टर दवाईचं नाव इचारून राह्यले. डोये पायले त्याइनं. म्हने नाव सांगा म्हंजे नेमकं करता येते."

दुकानात चार गिऱ्हाइकं. समोरच्या दुकानाचा मालक दारात येऊन उभा. मी म्हटलं, "मी बाटलीत दिलं नव्हतं. त्यानं ओतून घेतलं असेल." मग तिन्हींतलं एक नाव चिठ्ठीवर लिहून दिलं. निळ्या त्रिकोणाचं. ते खोटं नाही, ते बाटलीत होतंच.

कोकिळेनं चिठ्ठी वाचली. मला वाटलं होतं तिला वाचता येत नाही. "हे एकच ना, भाऊ?" म्हणाली. मी "हो" म्हटलं. ती गेली.

डॉक्टर लोक शिकलेले असतात. डोळे बघून त्यांना कळतंच. नाव विचारणं हा त्यांचा कागद भरायचा भाग आहे. आणि तीन नावं लिहून दिली असती तर परवाना गेला असता, तीस वर्षांचं दुकान गेलं असतं, त्यानं इंद्रभान बरा होणार होता का?

दुपारी जेवताना शैलजा म्हणाली, "तुम्ही तीन बाटल्या उघडल्या होत्या."

"तुला त्यातलं काय कळतं?"

"तिनं नाव विचारलं होतं. सल्ला नव्हता विचारला." एवढं बोलून ताट उचलून आत गेली. बायकांना अर्धवट वाचायला दिलं की असं होतं.

१७ सप्टेंबर, रविवार

वर्गाला जाणार नव्हतो. पण गैरहजेरी लागते, म्हणून गेलो.

चहाच्या सुट्टीत मॅडमला सहज विचारलं. समजा एखाद्यानं लाल त्रिकोणाचं घेतलं आणि डॉक्टरला निळ्याचं नाव सांगितलं तर? तिनं चहाचा कप खाली ठेवला. म्हणाली, "लक्षणं बघून डॉक्टर उतारा सुरू करतात. पण नाव जर असं मिळालं, की ज्याला तो उतारा लागत नाही, तर डॉक्टर तो कमी करू शकतात, कारण उतारासुद्धा जास्त झाला तर घातक असतो. मग रुग्ण परत खालावतो. काका, कधीची गोष्ट आहे?"

"समजा म्हटलं ना," मी म्हणालो.

ती "काका, मी आत्ता फोन करू का?" असं काहीतरी म्हणत होती. मी तोंड धुवायचं म्हणून बाहेर आलो. नळाशी कय्यूमभाई उभे. त्यांनी ऐकलं होतं. मला वाटलं आता उपदेश. ते म्हणाले, "दवाखाना इथून पाच मिनिटाच्या रस्त्यावर हाय. मी येतो संगं."

"कशाला?"

"तुमाले एकट्यानं जाववनार नाई म्हनून."

मला राग आला. हा माणूस मला वर्गात 'ढ' मुलाशी बोलतात तसा बोलत होता. मी म्हटलं, "तुमच्या दुकानातून कधी खुली दवाई गेलीच नाही का?"

"गेली ना. लई गेली. माहा कोनी पडला नाई, ते नशीब. हुशारी नोहोय ते."

चालत गेलो. पाच मिनिटांचं अंतर होतं, पण मी दोनदा थांबलो, एकदा चपलेचा अंगठा तुटला म्हणून आणि एकदा कशासाठीही नाही. कय्यूमभाई दोन्ही वेळा थांबले.

वॉर्डाच्या दारात कोकिळा खाली बसली होती. इंद्रभान रात्री बरा होता, सकाळपासून पुन्हा श्वास लागला, असं तिनं कय्यूमभाईंना सांगितलं. माझ्याकडे बघितलं नाही. डॉक्टर तरुण होता, डोळे लाल झालेले. मी तिन्ही नावं सांगितली. मापं सांगितली. त्यानं विचारलं, "हे कोणी मिसळलं?"

"मी."

"काल चिठ्ठीवर एकच का लिहिलं?"

त्यानं उत्तराची वाट पाहिली नाही. नर्सला हाक मारून तो आत गेला. बाहेर आल्यावर मला एका कागदावर सगळं लिहायला लावलं, नाव, पत्ता, दुकानाचं नाव, खाली सही. माझं अक्षर चांगलं आहे. त्या कागदावर ते ओळखू आलं नाही.

कोकिळेनं सगळं ऐकलं होतं. उठली, माझ्यासमोर उभी राहिली. मला वाटलं ती मारेल. ती म्हणाली, "पानी आना कोनी. सकायपासून इथून हालले नाई मी." कय्यूमभाई पाणी आणायला गेले. मी तिथंच उभा होतो. मला पाणी आणायला जाता आलं असतं.

२१ सप्टेंबर, गुरुवार

तालुक्याहून अधिकारी आले. दुकानाला सील. परवाना निलंबित, चौकशी होईपर्यंत. बाजारपेठ बघायला जमली होती. समोरच्या दुकानदारानं माझ्यासाठी खुर्ची आणून दिली. तो खुल्या बाटल्या माझ्यापेक्षा जास्त विकतो. खुर्चीवर बसलो नाही.

इंद्रभान आहे. श्वासाची नळी काढली नाही अजून.

२४ सप्टेंबर, रविवार

यवतमाळकडून फवारणीच्या विषबाधेच्या बातम्या रोज पेपरात येऊन राहिल्या आहेत. वर्गात आज तोच विषय. बाकीच्या सदतीसजणांना माझी गोष्ट माहीत होती आणि सदतीसजण माझ्याशी फार प्रेमानं वागले, सुतकाला आल्यासारखे. मोताळ्याचा एकजण म्हणाला, "आता तुमचं दुकानच नाई, तं काऊन येता एवढ्या दूर?" मी म्हटलं, एसटीचा पास काढलेला आहे.

एसटीचा पास काढलेला नाही.

मॅडमनं मला काहीच विचारलं नाही. फक्त फळ्यावर लिहिता लिहिता ती थांबली आणि म्हणाली, "काका, तुम्ही दवाखान्यात जी मात्रा सांगितली होती ती इथं लिहाल का? एकत्र केल्यानं काय होतं ते समजवायचंय." वर्गासमोर उभं करायची ही पद्धत मला आवडली नाही. उठून लिहिलं. खडू मोडला. तिनं समजावलं, आणि खरं सांगायचं तर तीस वर्षांत मला पहिल्यांदा कळलं, की तो तिसरा पदार्थ, जो मी वास आणि जोर यावा म्हणून टाकत होतो, तो अळीचं काही करत नव्हता. तो फक्त फवारणाऱ्याच्या कातडीतून बाकीची दोन लवकर आत नेत होता.

सरकारी वहीत हे लिहिलं. पान भरलं. शेरा आलेला नाही.

८ ऑक्टोबर, रविवार

इंद्रभान परवा घरी आला. जिवंत. शैलजा जाऊन आली. मी तिच्याकडे फळं आणि टॉवेल-टोपी पाठवली होती. फळं तिथं ठेवून घेतली, टॉवेल-टोपी परत आली. कोकिळा म्हणाली म्हणे, "हे कायचं? कायचा सत्कार?"

बरोबर आहे. टोपी मूर्खासारखी पाठवली होती.

५ नोव्हेंबर, रविवार

कपाशीची बोंडं फोडली की आत गुलाबी अळी. या शेतात, त्या शेतात, सगळीकडे. कापूस पिवळट, कवडीसारखा. लोक माझ्या बंद दुकानासमोर उभे राहतात आणि मला घरी येऊन विचारतात, "शेठ, काय मारू?" मी म्हणतो, आता काही मारून उपयोग नाही, कपाशीची पऱ्हाटी उपटा, शेतात गुरं चारा, पुढच्या साली वेळेवर पेरा, छोटं पाकीट लावा. त्यांना पटत नाही. मग ते समोरच्या दुकानात जातात आणि तो त्यांना डोस देतो.

मूर्ख आहेत. तीस वर्षं मीच त्यांना तसं शिकवलं आहे, हे शैलजा म्हणते. तिला हल्ली माझ्याशी बोलायला पुस्तक लागत नाही.

१९ नोव्हेंबर, रविवार

वर्गानंतर उशीर झाला नव्हता म्हणून कय्यूमभाईंना घेऊन इंद्रभानकडे गेलो. एकट्यानं गेलो असतो, पण त्यांना गाव बघायचं होतं.

खाटेवर बसला होता. पाय लुळे पडत चालले आहेत, पावलं ओढतात, बोटांना मुंग्या. डॉक्टर म्हणतात काही महिने लागतील, कदाचित पूर्ण येणार नाहीत. गावातला सगळ्यात उंच माणूस आता बसूनच असतो. मला बघून हात जोडले. "शेठ, तुमी नाव सांगतलं म्हनून वाचलो. डॉक्टर म्हनले."

मला तिथून पळावंसं वाटलं. शिव्या दिल्या असत्या तर बसलो असतो.

कोकिळा चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "सांगतलं. पन दुसऱ्या दिवशी."

इंद्रभान म्हणाला, "जाऊ दे वं."

"काऊन जाऊ देऊ? तुमचे पाय गेले त्या एका दिवसात."

डॉक्टरनं असं सांगितलेलं नाही. नाव पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तरी पायांचं हे झालंच असतं, असं मॅडमचंही मत आहे. मी ते बोलणार होतो. कय्यूमभाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मग बोललो नाही.

निघताना कोकिळा दारापर्यंत आली. "आमच्या वस्तीतल्या बाया फवारनीचं पानी वाहतात, दवाई कालवतात, मान्साइचे कपडे धुतात. त्याइले त्या तिकोनाचं शिकवा. मॅडमपाशी शिकले ना तुमी?"

मी म्हटलं, मॅडमलाच बोलावू. ती म्हणाली, "मॅडम एक दिवस येतीन, फोटो काढतीन, जातीन. तुमी इथलेच हा." मी बघतो म्हणालो. निरक्षर बायकांना मी रासायनिक गट शिकवायचे. आजीवन शिक्षण म्हणतात ते हेच असावं, जन्मभर पुरेल एवढी शोभा.

३ डिसेंबर, रविवार

कय्यूमभाईंनी धाडच्या दुकानात पाटी लावली आहे, 'खुली दवाई मिळणार नाही. समजलं नाही तर पुन्हा विचारा.' गिऱ्हाईक कमी झालं म्हणे. चेहऱ्यावर त्याचं काही दुःख दिसत नाही. मी विचारलं तर म्हणाले, "झालं कमी. पन जे येते ते इचारून राह्यले ना, भाऊ."

चौकशीचा कागद आला. परवाना रद्द. अपील करता येतं. आल्हाद म्हणतो वकील बघू. मी नको म्हटलं. का नको म्हटलं ते मलाही नीट माहीत नाही. अपिलात लिहावं लागेल की चूक नव्हती.

२१ जानेवारी २०१८, रविवार

आज वर्ग बुडवला, पहिल्यांदा. मॅडमला फोन करून सांगितलं. "का?" म्हणाली. म्हटलं, काम आहे. "कुठलं?" म्हटलं, शिकवायचं आहे. ती काहीतरी बोलणार होती, मी फोन ठेवला.

दुपारी दोनला वस्तीच्या समाजमंदिरात. शैलजाही आली. मी म्हटलं नव्हतं. तिनं चार रिकाम्या बाटल्या धुऊन पिशवीत आणल्या होत्या, चार रंगांच्या त्रिकोणांच्या. सतरंजीवर पंधरा-सोळा बायका. म्हातारी रुक्मिणीबाई सगळ्यात पुढं. इंद्रभानला दोघांनी धरून आणून खुर्चीवर बसवलं होतं.

मी सुरुवात केली, "भगिनींनो, आजच्या युगात शिक्षणाला वय..." हे वाक्य कुठून तोंडात आलं ते मला माहीत आहे. मध्येच थांबलो आणि लाल त्रिकोणाची बाटली उचलली.

कोकिळा उभी राहिली. "थांबा, भाऊ. तिकोन मंग. आधी सांगा, याइच्या बाटलीत त्या दिवशी काय काय होतं."

शैलजा माझ्याकडे बघत होती. बायका बघत होत्या. त्यांना सगळ्यांना आधीच माहीत होतं, माझी खात्री आहे. गावात अशी गोष्ट राहते का कुणाला माहीत नसलेली? तरी त्या थांबल्या होत्या.

मी सांगितलं. पहिलं औषध, कोणत्या रंगाचं, किती. दुसरं. तिसरं. कुणी ओतलं ते. कोकिळा नाव विचारायला आली तेव्हा मी काय लिहून दिलं ते. इंद्रभान मान खाली घालून बसला होता, जसं काही चूक त्याची होती.

रुक्मिणीबाई पुढं सरकली. कानामागे हात धरून म्हणाली, "दुसरं नाव समजलं नाई, बाबू. पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. सावकाश.